गुंजेचे डोळे

“आई, अंगठा दाखव बघू.”

नाताळच्या दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. माझे दीर अनुग्रह, गुरांचे डॉक्टर, सकाळच्या गाडीने परभणीहून आले होते, आणि रस्सा वाढणाऱ्या आईचा हात त्यांनी मधेच धरला होता. सासूबाईंनी तो झटकन सोडवून घेतला.

“काही नाही रे. दाभण टोचलंय.”

“कधी?”

“झाले असतील आठ-दहा दिवस. तू जेव.”

“आठ-दहा दिवसांपूर्वी टोचलेलं अजून असं टरारलेलं असतं का?”

अंगठा खरोखरच फुगला होता आणि नखाभोवतीची कातडी काळीनिळी पडली होती. मी रोज बघत होते. दवाखान्यात दाखवा म्हणून मी दोनदा सुचवलंही होतं. पण माझ्या सासूबाईंना, म्हणजे लिडियाबाई उजागऱ्यांना, कुणी काही सुचवायचं नसतं. सांगायचं त्यांनी आणि ऐकायचं आपण, अशी आमच्या घरातली सरळ वाटणी होती. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि त्या दोन वर्षांत मी त्यांच्यासमोर एकदाही आवाज चढवला नव्हता. घाबरायचे मी त्यांना. आज माझी मुलगी स्वतः आई झाली आहे, तरी त्या आवाजाची आठवण झाली की मी पदर सावरते.

“शिवत काय होतीस एवढं, दाभणाने?” भाऊजींनी विचारलं.

हा प्रश्न मात्र सासूबाईंना आवडला. “मार्था, आण गं तो पाळण्यावरचा पक्षी. बघू दे याला, आई म्हातारी झाली का ते.”

मी पाळण्यावरून पक्षी सोडून आणला. माझी शलाका तेव्हा सहा महिन्यांची होती. तिच्या आजीने या वर्षीचा पहिला पक्षी तिच्यासाठी केला होता. हिरव्या खणाचं अंग, जुन्या पैठणीच्या काठाची शेपटी, आत धुऊन वाळवलेला कापूस, आणि दोन्ही बाजूंना तांबडाभडक डोळा, त्याच्या कोपऱ्यात काळा टिपका. तो पक्षी खरंच आपल्याकडे बघतोय असं वाटायचं.

भाऊजींनी तो उलटापालटा केला. नखाने डोळा चाचपला. मग त्यांचं चावणं थांबलं.

“ही गुंज आहे.”

“मग! कसा जिवंत डोळा दिसतो की नाही? टुणगावला माहेरी गेले होते ना, तिथे कुंपणावर वेल लगडला होता. ओंजळभर आणल्या.”

“हिला भोक पाडलंय.”

“भोक नाही पाडलं तर दोरा कुठून ओवू? दगडासारख्या असतात मेल्या. दोन दिवस पाण्यात भिजवल्या, तेव्हा कुठे दाभण शिरलं.”

भाऊजींनी ताट बाजूला सारलं. “आई, असे किती केलेस? कुणाकुणाला दिलेस?”

त्यांच्या आवाजाने मी आधी पाळण्याकडे धावले. शलाका झोपली होती. मी तिच्या तोंडात बोट घालून पाहिलं. ती रडत उठली, आणि तिचं रडणं ऐकून मला बरं वाटलं.

आमचं गाव नगर जिल्ह्यातलं, तालुक्याचं. मिशनचं आवार, त्यात चर्च, शाळा आणि दवाखाना, आणि भोवती आमची तीस-चाळीस घरं. या घरांत जन्मलेल्या प्रत्येक मुलाला पहिल्या नाताळची पहिली भेट मिळायची ती लिडियामावशीच्या हातची. हा रिवाज कुणी ठरवला नव्हता. सासूबाई तरुण असताना कधीतरी सुरू झाला आणि पक्का झाला. आता पोरांचे बाप झालेले पुरुषही सांगायचे, “मावशींनी मला कापडाचा हत्ती दिला होता.” पाऊस सरला की सासूबाई चिंध्यांचं गाठोडं सोडायच्या आणि नाताळपर्यंत आमच्या घरात पाय ठेवीन तिथे सुई सापडायची. विकतचं खेळणं त्यांना चालत नसे. विकतच्याला टोकं असतात, रंग उडतो, पोर तोंडात घालतं. आपल्या भेटीने बाळाला इजा होता कामा नये, असा त्यांचा बाणा होता. शर्टाचं बटण लावलं तर पोर ते तोडून गिळेल म्हणून त्या डोळे नेहमी दोऱ्यानेच भरत. या वर्षी गुंजा सापडल्या, तर त्यांनी त्या दुहेरी दोऱ्याने चार-चारदा टाचल्या होत्या. निघूच नयेत म्हणून.

“गुंजेचा पाला तर आम्ही खातो,” त्या आता म्हणत होत्या. “कॅरोलला निघायच्या आधी सगळी पोरं चघळतात. आवाज मोकळा होतो. मी लहानपणापासून खाल्लाय.”

“पाला गोड, आई. बी विषारी. साल धड असली तर गिळलेली गुंज तशीच बाहेर पडते. तू सालीला भोक पाडलंस. भिजवलीस वर. मी गुंजेने गेलेली गुरं पाहिलीत. अख्खा बैल जातो, पोराचं काय घेऊन बसलीस! तुझ्या अंगठ्यातही तेच गेलंय.”

सासूबाईंनी अंगठ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या बोटांवर नावं मोजू लागल्या. “पंडितांची. जोसेफची जुळी. आढावांची नात. सरलाचा आमोस.” एवढं बोलून त्या उठल्या आणि चपला शोधू लागल्या. चपला पायातच होत्या.

भाऊजी म्हणाले, “मी दवाखान्यात जाऊन डॉक्टरीणबाईंना सांगून ठेवतो. तुम्ही दोघी घरोघर जा. एकेक डोळा मोजून घ्या, वहिनी. आणि त्यांना स्पष्ट सांगा काय ते.”

माझे यजमान वीज मंडळात होते आणि नेमकी नाताळलाच कुठेतरी तार तुटली होती, म्हणून घरात दुसरं कुणी नव्हतं. मी शलाकाला कडेवर घेतलं आणि सासूबाईंच्या मागे निघाले. फाटकापाशी त्या थांबल्या.

“कुणाला काही सांगायचं नाही.”

“पण आई, भाऊजी म्हणाले...”

“शिवण उसवलीय म्हणायचं. दुरुस्त करून उद्या देते म्हणायचं. डोळे जागेवर असले की झालं. आहेतच ते जागेवर, मी लावलेत.”

“आणि एखाद्याने चावला असला तर?”

“मार्था, गप्प बस.”

मी गप्प बसले. पुढे चाललेल्या सासूबाईंचा पदर जमिनीवर लोळत होता तरी त्यांना कळत नव्हतं.

नाताळच्या दुपारी कुणाच्या घरी जाऊन उभ्या उभ्या परत येणं ही सोपी गोष्ट नाही. पंडितबाई शाळेच्या हेडबाई. त्यांनी पक्षी खिळ्याला टांगून ठेवला होता, बाळाच्या हाती दिलाच नव्हता. डोळे दोन. आम्ही निघणार, तोच पंडितबाईंनी करंज्यांचं ताट पुढे केलं. “बसा हो मावशी. नाताळच्या दिवशी कसली दुरुस्ती?” सासूबाई बसल्या. करंजी तोंडात घातली. घास त्यांच्या गालातच राहिला, तो त्यांनी बाहेर आल्यावर कुंपणापाशी थुंकला.

जोसेफच्या घरी दोन पक्षी होते. एक सापडला, दुसरा सापडेना. जोसेफ हसत होता. “दिलेली भेट परत घेणारी मावशी मी आजच पाहतोय!” त्याच्या बायकोने गाद्या झटकल्या, टोपल्या उलट्या केल्या. तेवढ्यात माझं जुळ्यांकडे लक्ष गेलं. त्यातली मुलगी काहीतरी चघळत होती, तोंडातून लाळ गळत होती. मी काही न बोलता तिचा जबडा धरला आणि बोट आत घातलं. शंकरपाळं होतं. पोरगी किंचाळली, तिची आई माझ्याकडे बघतच राहिली. दुसरा पक्षी शेवटी पिठाच्या डब्यामागे मिळाला. चार डोळे. आढावांच्या नातीकडचा पक्षी तर अजून कागदातच होता.

पिशवीत पक्षी साठत होते. प्रत्येक घराबाहेर आलो की मला हलकं वाटायचं, आणि पुढच्या दारापाशी मी पुन्हा आतल्या पोरांची तोंडं न्याहाळू लागायचे. सासूबाईंचं उलट चाललं होतं. त्यांना धीर येत होता. आढावांच्या पायऱ्या उतरताना त्या म्हणाल्याही, “बघ. सांगितलं असतंस तर उगाच बोभाटा झाला असता. पुन्हा माझ्या हातचं कुणी घेतलं असतं का?”

आता सरला वैरागरचं घर तेवढं राहिलं होतं, आवाराच्या पार टोकाला, चिंचेपलीकडे.

सरलाचा नवरा फौजेत होता आणि त्या वर्षी त्याला रजा मिळाली नव्हती. बऱ्याच वर्षांनी, नवससायास आणि दवाखाने सगळं करून झालेला आमोस दीड वर्षाचा होता. गेल्या नाताळात तो तापाने फणफणलेला होता म्हणून त्याची भेट राहिली होती. सासूबाईंनी आठवणीने ती या वर्षी दिली होती.

“सलाम मावशी! या की,” सरला म्हणाली. ती चुलीपुढून पदराला हात पुसत आली. “सकाळपासून सोडत नाही बघा तुमच्या पाखराला. दात येताहेत ना, नुसता चावत सुटलाय.”

आमोस चटईवर बसला होता. पक्षी त्याच्या मांडीत होता, लाळेने चिंब. मी खाली वाकले. माझ्या बाजूचा डोळा जागेवर होता. मी पक्षी वळवला. पलीकडच्या बाजूला दुहेरी दोऱ्याची टोकं लोंबत होती.

“गेला वाटतं एक डोळा,” सरला हसून म्हणाली. “असू दे. एका डोळ्याचाही छान दिसतो.”

मी चटई चाचपायला लागले. चटईच्या कडेला तांबडं टरफल पडलं होतं, नखाएवढं. त्याला दातांच्या खुणा होत्या. बाकीची गुंज कुठेही नव्हती.

सासूबाईंनी ते टरफल माझ्या हातात पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी त्यांच्याकडे. सरला करंज्या आणायला आत वळली होती. मला आता गप्प राहणं शक्यच नव्हतं, आणि मी तोंड उघडणार तेवढ्यात त्या बोलल्या.

“सरला, थांब. ताट राहू दे. मी विष दिलंय तुझ्या लेकराला.”

सरलाला वाटलं म्हातारी थट्टा करतेय. ती अर्धवट हसली.

“तो डोळा गुंजेचा होता. गुंज विषारी असते. मला ठाऊक नव्हतं. आता दुपारी कळलं, आणि तरी मी तीन घरं खोटं बोलत आले. याने एक चावलीय. उचल त्याला. दवाखान्यात चल.”

एवढं सगळं त्यांनी एका दमात सांगितलं, खणखणीत आवाजात, उपासनेत वचन वाचावं तसं. सरलाने आमोसला उचललं आणि ती अनवाणी धावत सुटली. तिच्यामागे सासूबाई धावल्या. मी त्यांना कधी धावताना पाहिलं नव्हतं. शलाकाला छातीशी धरून मी मागे राहिले, आणि सरलाच्या चुलीवरचं दूध उतू जात होतं ते उतरवून ठेवायचंही मला सुचलं नाही.

डॉक्टरीणबाई तयारच होत्या. आमोसचं पोट धुतलं, काळी कोळशाची पूड पाण्यातून पाजली. तो ओरडून ओरडून लाल झाला. मग थकून झोपला. अगदी साधा, निरोगी पोरगा झोपावा तसा. सरलाने विचारलं, “आता बरा आहे ना?”

“आत्ता काही दिसणार नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “याच्यावर उतारा नाही. किती पोटात गेलं, किती बाहेर आलं, ते आपल्याला माहीत नाही. दोन-तीन दिवस बघायचं. आणि प्रार्थना करायची.”

ते वाट बघणं मी कुणावर येऊ नये म्हणते. आजार समोर दिसत असला की माणूस काहीतरी करतं, पाय चेपतं, पाणी पाजतं. इथे पोरगा उठून बसला होता, बिस्किट मागत होता, खिडकीतल्या कावळ्याला हात दाखवत होता. आणि सरला त्याच्याकडे अशी बघत होती, जणू तो कुठल्याही क्षणी तिच्या देखत विझणार आहे.

सासूबाई वॉर्डच्या बाहेर, व्हरांड्यात, फरशीवर बसून राहिल्या. बाकावर बसायला तयार नव्हत्या. अंगठ्याला मलमपट्टी करून घ्यायला तयार नव्हत्या. “आधी त्याचं होऊ दे,” एवढंच म्हणायच्या. मी डबा आणायचे, तो तसाच परत न्यायचे. सरला त्यांच्या अंगावरून नळावर जायची, औषधांच्या खिडकीवर जायची, पण त्यांच्याशी एक शब्द बोलायची नाही. तिने ओरडावं, चार शिव्या द्याव्यात असं मला वाटायचं. सासूबाईंनाही तेच वाटत असावं. सरलाची पावलं ऐकू आली की त्या मान वर करायच्या आणि ती पुढे गेली की खाली घालायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमोस ओकला. मग जुलाब सुरू झाले, आणि त्यात रक्त दिसलं. डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं. पोराची शीर सापडेना म्हणून त्याच्या डोक्यावरचे केस थोडे भादरले आणि तिथे सुई घातली. ती सुई पाहून सासूबाई व्हरांड्यातल्या खांबाला धरून उभ्या राहिल्या. त्या काहीतरी पुटपुटत होत्या. मी जवळ गेले.

“मला घे,” त्या म्हणत होत्या. “माझी वर्षं झालीत. माझ्या अंगठ्यातलं वर चढव. त्याला सोड, मला घे.”

मला रडू कोसळलं. दोन वर्षं मी या बाईला घाबरत होते, आणि आता तिच्यासाठी घाबरत होते. पोराला काही झालं तर ही बाई घरी चालत येणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

संध्याकाळी मंडळी भेटायला आली. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. पंडितबाई माझ्या कानाशी, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, “आमच्या घरी दुरुस्तीसाठी आले म्हणून सांगितलं हो यांनी. करंजी खाऊन गेल्या. सांगायला जीभ नव्हती?”

सासूबाई म्हणाल्या, “नव्हती.”  पंडितबाई लवकर गेल्या.

त्यानंतरची रात्र कशी गेली ते मी सांगत बसत नाही. आमोसचे ओठ वाळून पांढरे पडले होते आणि तो रडायचाही बंद झाला होता, हेच सगळ्यांत वाईट होतं. सरला त्याच्या तळपायावर तोंड ठेवून बसली होती.

सकाळी मी चहा घेऊन गेले. व्हरांड्यात ऊन आलं होतं. सासूबाई खांबाला टेकून बसल्या होत्या, डोळे उघडे, नजर दारावर. आतून काहीच आवाज नव्हता, आणि मला आत जायचं धाडस होईना. किटली हातात धरून मी तशीच उभी राहिले.

मग आतून रडणं ऐकू आलं. चांगलं मोठं, रागावलेलं, भुकेल्या पोराचं रडणं.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. चष्मा पुसत म्हणाल्या, “जुलाब थांबलेत. लघवी झाली. खायला मागतोय. अजून एक दिवस ठेवून घेते, पण मला वाटतं, सुटला तो.”

 सासूबाईंनी कपाळ फरशीला टेकवलं आणि तशाच राहिल्या. मी त्यांना उठवून बसवलं, चहाचा कप त्यांच्या ओठांशी नेला. त्यांनी मान फिरवली, म्हणून चहा परत ओतायला मी किटली उचलली.

एवढ्यात सरला दारात आली. केस सुटलेले, लुगड्यावर ओकारीचे आणि औषधाचे डाग. कडेवर टॉवेलात गुंडाळलेला आमोस, डोक्यावर भादरलेला चट्टा. दोन दिवसांनी ती पहिल्यांदा आमच्यासमोर थांबली.  आता बोलेल, मला वाटलं, आणि जे बोलेल ते ऐकावं लागेल.

“मावशी,” ती म्हणाली, “धरा याला जरा. मी तोंड धुऊन येते.”

सासूबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले. “मार्थाकडे दे.”

“मार्थाच्या हातात किटली आहे.”

“मग खाली ठेवेल ती. माझ्या हातात नको गं, सरला. या हातांत नको.”

सरलाने वाद घातला नाही. ती वाकली, आमोसला सासूबाईंच्या मांडीत बसवलं, टॉवेलचं टोक त्याच्या पायावर नीट ओढलं आणि नळाकडे निघून गेली. नळ व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला होता. तिने आमच्याकडे पाठ करून तोंडावर पाणी मारलं, मग मान धुतली, मग केस सोडून पुन्हा बांधायला घेतले. तिला काही घाई नव्हती.

आमोस मांडीवरून कलंडायला लागला. तेव्हा सासूबाईंचे हात पदराबाहेर आले. त्यांनी एक हात त्याच्या पाठीमागे घातला, दुसरा पोटाशी धरला. शेकडो पोरं खेळवलेल्या सासूबाई पहिलटकरणीसारख्या अंग चोरून, ताठ बसल्या होत्या. हलायलाही भीत होत्या.

“मार्था,” त्या हळूच म्हणाल्या. जन्मात कधी त्यांनी मला काही विचारलं नव्हतं. “बघ गं. मी नीट धरलंय ना याला?”

मी किटली खाली ठेवली आणि त्यांच्या शेजारी फरशीवर बसले.

“नीट धरलंय, आई.”